एका वेळी दोन भाषा : एका सल्ल्याची उलटतपासणी

१९८८ साली दिल्लीतल्या एका विद्यापीठात मी जपानी हा मुख्य विषय घेतला आणि जोडविषय म्हणून चिनी. त्यामागे काही थोर विचार नव्हता. जपानीच्या तासानंतर दोन तास मोकळे असत, चिनीचा वर्ग त्याच मजल्यावर होता आणि वसतिगृहाच्या खोलीत थंडी फार वाजे. तिसऱ्या महिन्यात जपानीच्या एका अध्यापकांनी बोलावून सांगितले, ‘दोन्ही भाषा सारख्याच आहेत, गोंधळ होईल. एक सोडा.’ आठवड्याभराने चिनीच्या बाईंनीही तेच सांगितले; फक्त कारण उलटे दिले. दोन्ही भाषा इतक्या वेगळ्या आहेत की दुहेरी ओझे झेपणार नाही, तेव्हा एक सोडा. एकाच निकालाला दोन परस्परविरोधी कारणे मिळाली तर निकालाविषयीच शंका घ्यावी, एवढी अक्कल तेव्हा नव्हती. मी चिनी सोडली. पुढच्या वर्षी वडिलांच्या आजारपणात दिल्लीही सुटली. सांगलीला परतून बँकेत लागलो आणि जपानी घरीच, कोशांच्या आधाराने चालू ठेवली.

हा सल्ला आजही दिला जातो, म्हणून तो तपासून पाहायचा आहे.

चिनी आणि जपानी या एका कुळातल्या भाषा नाहीत. चिनीत कर्त्यामागून क्रियापद येते, नामाला विभक्ती नाही, आणि एकाच अक्षराचा सूर बदलला की शब्द बदलतो. जपानीत क्रियापद शेवटी, नामाला आपल्या प्रत्ययांसारखे शब्दयोगी, आणि ‘तू’ की ‘आपण’ याचा विचार क्रियापदापर्यंत पोचलेला. जपानीने चिनीकडून लिपी घेतली आणि लिपीबरोबर हजारो शब्द घेतले. आमच्या भागातल्या माणसाला हे समजायला कानडी पुरते. कानडी संस्कृत शब्दांनी भरलेली आहे, म्हणून कोणी तिला संस्कृतची लेक म्हणत नाही.

तरी गोंधळ होतो, हे खरेच. चिनीच्या पहिल्या चाचणीत ‘मी आईला पत्र लिहिले’ हे वाक्य लिहायचे होते. मी पत्रासाठी जपानी ‘तेगामी’ची दोन चिन्हे लिहिली, ‘हात’ आणि ‘कागद’. चिनीत त्या जोडीचा अर्थ टॉयलेट पेपर. जपानीत ‘मुलगी’ दाखवणारे चिन्ह चिनीत ‘आई’ होते, जपानीतले ‘पळणे’ चिनीत ‘चालणे’ होते. पण असल्या चुका वर्गात एकदा हशा झाला की जन्मभर होत नाहीत. हिंदी वर्गात ‘शिक्षा’ या शब्दावर अडखळलेला मराठी मुलगा दुसऱ्यांदा अडखळत नाही. त्याहून चिवट गोंधळ चिन्हांच्या घडणीचा. जपानने १९४६ साली आपली चिन्हे सोपी केली, चीनने १९५६ साली स्वतःच्या पद्धतीने. त्यामुळे एकच चिन्ह हाताला दोन तऱ्हांनी लिहावे लागते. हा त्रास मी नाकारत नाही. पण तो हाताचा त्रास आहे.

माझ्या अनुभवात डोक्याचा गोंधळ तिसऱ्याच भाषेने केला. आम्ही दोन्ही भाषा इंग्रजीतून शिकत होतो. चिनीसाठी १९५८ साली स्वीकारलेली रोमन लिपी, पिनयिन, पुस्तकात होती. तिच्यातला ‘बी’ हा ब नाही, तो अल्पप्राण प आहे. ‘पी’ हा ओठ मिटून उच्चारलेला खरा फ आहे. ‘डी’ आणि ‘टी’ म्हणजे साधारणपणे त आणि थ, ‘जी’ आणि ‘के’ म्हणजे क आणि ख. म्हणजे चिनीत जो भेद आहे तो अल्पप्राण-महाप्राणाचा, आपल्या बाराखडीत लहानपणीच घोटलेला. आम्ही तो रोमन अक्षरांमधून ब आणि प असा चुकीचा शिकलो आणि वर्षभर चुकीचा बोललो. मराठीला आणखी एक देणगी आहे. ‘चहा’तला च आणि ‘चोर’मधला च आपण न सांगता वेगळे उच्चारतो. पिनयिनमधला ‘जे’ हा चहातला च, ‘झेड’ हा चोरातला. आमच्या वर्गातल्या हिंदीभाषक मित्रांना हा दुसरा च जमवायला महिना लागला. मला तो आयता मिळाला होता, पण कोणी सांगितले नाही म्हणून मीही महिनाभर इतरांसारखाच झगडलो.

जपानीत तर याहून गंमत आहे. ‘तबेते मिरु’ म्हणजे ‘खाऊन बघणे’. त्यात ‘मिरु’ म्हणजे खरोखरच बघणे. ‘शिते ओकु’ म्हणजे ‘करून ठेवणे’, आणि ‘ओकु’ म्हणजे ठेवणे. ‘तबेते शिमात्ता’ म्हणजे ‘खाऊन टाकले’. इंग्रजी पुस्तकात या प्रत्येक रचनेसाठी पानभर स्पष्टीकरण होते. सांगलीच्या कुठल्याही मुलाला ते एका ओळीत कळले असते. माझा मुद्दा असा की शेजारी बसलेली दुसरी पूर्व आशियाई भाषा कमी आड येते. जी भाषा पायरी म्हणून वापरली तीच जास्त आड येते.

एवढ्यावर सल्ला फक्त अर्धा खोटा ठरतो. दोन भाषा एका वेळी शिकता येतात, एवढेच यातून निघाले. त्या शिकाव्यात का? याचे उत्तर मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मिळाले, तेही घराजवळच.

चालुक्यांच्या वाचनाच्या निमित्ताने ह्युएनत्संगचा प्रवासवृत्तान्त हाती आला होता. सातव्या शतकात तो आपल्या प्रदेशातून गेला आणि पुलकेशीविषयी व इथल्या मानी, लढाऊ माणसांविषयी त्याने लिहिले, हे आपण शाळेत शिकतो. त्याच्या ग्रंथाच्या अकराव्या खंडात आपल्या देशाचे नाव चार चिन्हांनी लिहिले आहे. आजच्या चिनीत त्यांचा उच्चार ‘मो-ह-ला-छा’. बीलच्या १८८४ सालच्या इंग्रजी भाषांतरात हे नाव रोमन अक्षरांत आहे आणि पुढे महाराष्ट्र असा अर्थ. मी वर्षानुवर्षे ते तसेच वाचत आलो. मो-ह-ला-छा मधून महाराष्ट्र कसा निघतो हे विचारायला मला चिनी येत नव्हती.

मग चिनी पुन्हा सुरू केली, आणि एका रात्री ती चार चिन्हे मूळ रूपात समोर ठेवून जपानी उच्चारही शेजारी लिहिले. पहिले चिन्ह जपानीत ‘मा’. चिनीत स्वर बदलून ‘मो’ झाला आहे, जपानीने जुना आ टिकवला. दुसरे जपानीत ‘का’, कारण ते चिन्ह आले तेव्हा जपानीत ह नव्हता. तो ह चिनीने टिकवला. म्हणजे ‘महा’ ऐकण्यासाठी स्वर एकीकडून आणि व्यंजन दुसरीकडून घ्यावे लागते. तिसरे चिन्ह, चिनी ‘ला’, जपानीत ‘रात्सु’. टवटवीत, उत्साही या अर्थाच्या ‘हात्सुरात्सु’ या शब्दात मी ते वीस वर्षे वाचत होतो. जपानीला अक्षराच्या शेवटी त् पेलत नाही, म्हणून ती ‘त्सु’ जोडते. तेव्हा मूळ उच्चार ‘लत्’ असला पाहिजे. र नसलेल्या चिनीने र च्या जागी ल वापरला. चौथे चिन्ह जपानीत नुसते ‘ता’. (हेच चिन्ह जपानी लोक ‘वाबी’ असेही वाचतात. हल्ली घरसजावटीच्या लेखांतून ‘वाबी-साबी’ भेटते, त्यातले वाबी. आपल्या देशाच्या नावाचे शेवटचे अक्षर तिथे बसले आहे.) चिनीत मात्र ते ‘छा’ आहे, जीभ मागे वळवून केलेला महाप्राण, आणि जुन्या चिनीचे अभ्यासक त्याचा मूळ उच्चार ठ च्या जवळ नेतात.

मा-हा-लत्-ठा. मला त्यात ‘महाराष्ट्र’ ऐकू आला नाही, ‘महारट्ठ’ ऐकू आला. धम्मप्रसारासाठी महाधम्मरक्खित थेर जिथे गेला म्हणून ‘महावंस’ सांगतो, तो महारट्ठ.

याला आक्षेप आहे आणि तो हलका नाही. ह्युएनत्संग संस्कृतचा पंडित होता, जुन्या भाषांतरकारांच्या अपभ्रष्ट रूपांवर नाराज असे. शिवाय त्-अंत्य चिन्हे संस्कृत जोडाक्षरातला पहिला भाग भरून काढण्यासाठीही वापरत, म्हणजे इथला त् हा ‘ष्’ची जागा धरून बसलेला असू शकतो. निकाल मी देत नाही. पण हा प्रश्न विचारायलासुद्धा दोन भाषा लागल्या. नुसत्या चिनीत ‘त्’ कानावर येत नाही, नुसत्या जपानीत ‘ठ’ येत नाही.

हा काही माझा शोध नव्हे. स्वीडिश अभ्यासक कार्लग्रेनने विसाव्या शतकाच्या आरंभी जुन्या चिनीचे उच्चार बांधले ते चिनी बोली आणि जपानी, कोरियन, व्हिएतनामी वाचने शेजारी मांडूनच. आपल्या दृष्टीने त्यातला आनंद असा की साक्षीदार ज्या गोष्टीची साक्ष देतात ती पुष्कळदा आपल्याच घरची असते. बुद्धाचे चिनीत ‘फो’ झाले आहे. जपानी ‘बुत्सु’त ब आणि द-त जिवंत आहेत. पालीतल्या ‘थूप’चे जपानीत ‘तोऽ’ उरले. थ चिनी ‘था’ने ठेवला, आणि शेवटचा प हवा असेल तर कोरियन ‘थाप’कडे जावे लागते. ‘क्षण’ चिनीत ‘छाना’, जपानीत ‘सेत्सुना’. आपल्याकडे तोच क्षण प्राकृतातल्या ‘छण’मधून येऊन ‘सण’ झाला आहे, दिवाळीच्या दिवसांत हे आठवावे.

पुण्यात ही वाट एकेकाळी चाललेली होती. धर्मानंद कोसंबींचे शिष्य पु. वि. बापट यांनी १९३७ साली ‘विसुद्धिमग्ग’ची तुलना चिनी भाषांतरात उरलेल्या ‘विमुत्तिमग्ग’शी केली. १९७० साली भांडारकर संस्थेने ‘समन्तपासादिके’च्या पाचव्या शतकातल्या चिनी अवताराचे बापटांनी केलेले भाषांतर छापले, त्यात त्यांचे सहकारी होते जपानचे अकिरा हिराकावा. चिनी त्रिपिटकाची आज सगळे वापरतात ती ताइशो आवृत्तीही टोकियोतच १९२४ ते १९३४ या काळात छापली गेली. चिनी इतिहासात डॉक्टरेट करणाऱ्याला अमेरिकेतली अनेक विद्यापीठे जपानी वाचता येण्याची अट घालतात, ती उगाच नाही.

आपल्याकडचे आजचे वर्ग मात्र पातळीच्या परीक्षा आणि कंपनीतली नोकरी यांच्या हिशोबाने आखलेले आहेत. नोकरी लागण्यात गैर काही नाही. मीही तीस वर्षे बँकेत घालवली. तक्रार एवढीच की जपानीच्या वर्गात ‘रात्सु’ शिकवताना तो त् कुठून आला हे कोणी सांगत नाही आणि चिनीच्या वर्गात तो कुठे गेला हे सांगत नाही. दोन्ही खोल्यांमध्ये एकच भिंत असते.

सल्ल्यात एक गोष्ट खरी होती, ती नोंदवतो. दोन्ही भाषा एकाच दिवशी सुरू करू नयेत. पहिलीचे सहा महिने होऊ द्यावेत. आणि पहिली चिनी असावी. व्याकरण पन्नाशीतही शिकता येते, सूर येत नाहीत. माझा कान आजही दुसरा आणि तिसरा सूर चुकवतो. ते अठराव्या वर्षी बसले असते.

गेल्या जूनमध्ये शेजारच्या जोशींची नात विचारायला आली होती. तिला महाविद्यालयात दोन्ही विषय मिळत होते आणि घरचे एक सोड म्हणत होते. मी तिला म्हटले, सोडू नकोस, आणि उच्चारांची एक वही देवनागरीत ठेव, तीन रकान्यांची. तिने वही आखून घेतली. मग विचारले, ‘काका, पण परीक्षेत देवनागरीत लिहिलेलं चालेल का?’

चालणार नाही, म्हटले. पिनयिनही शीक.