कोऱ्या कागदावरचा अंगठा

सावकार कोऱ्या कागदावर अंगठा घेतो आणि मजकूर मागाहून भरतो, हे आपल्या वस्तीला नव्याने सांगावे लागत नाही. अमेरिकेच्या काँग्रेसने ७ ऑगस्ट १९६४ रोजी मंजूर केलेला टोंकिनच्या आखाताचा ठराव वाचताना मला तोच अंगठा आठवतो.

या ठरावाची भाषा पाहा. उत्तर व्हिएतनामने आमच्या जहाजांवर मुद्दाम व वारंवार हल्ले केले, असे तो ठासून सांगतो. २ ऑगस्टची चकमक खरी होती. ४ ऑगस्टचा हल्ला झालाच नव्हता. जहाजावरच्या कमांडरने त्याच दिवशी शंका कळवली होती. म्हणजे ‘वारंवार’ या शब्दाला आधार होता तो न झालेल्या हल्ल्याचा. उत्तरेच्या किनाऱ्यावर त्याआधी झालेल्या छुप्या हल्ल्यांमागे अमेरिकेचाच हात होता, याबद्दल ठराव चकार शब्द काढत नाही. आणि शेवटी राष्ट्राध्यक्षाला हवे ते उपाय योजण्याची मुभा देतो. हाच तो कोरा कागद.

प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ०, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. नकार देणारे दोघेच : मॉर्स आणि ग्रूनिंग. आकडे लोकशाहीचे आहेत, हे मी मान्य करतो. पण सत्य दडवून घेतलेल्या संमतीला मी संमती म्हणणार नाही. १९७१ मध्ये एल्सबर्गने गुप्त कागद उघड केले, तोवर हजारो माणसे मरून गेली होती. त्या युद्धात ५८ हजारांहून अधिक अमेरिकन आणि लाखो व्हिएतनामी मेले.

याच्याशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. १९७२ साली दलित पँथरने ज्यांच्यावरून नाव घेतले, त्या ब्लॅक पँथरने १९६६ च्या आपल्या दहाकलमी कार्यक्रमात काळ्या माणसांना सैन्यसेवेतून सूट मागितली होती. आपल्या पूर्वजांनी मात्र सैन्यात घ्या म्हणून अर्ज केले. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. या दोन मागण्यांत मला विरोध दिसत नाही. आम्हांला माणूस म्हणून मोजा, हेच दोघांचे म्हणणे आहे. ज्याला माणूस म्हणून मोजले, त्याला मरायला पाठवताना खरे कारण सांगावेच लागते.

म्हणून शिक्षकमित्रांनी हा ठराव वर्गात वाचावा. त्यात काय लिहिले आहे, यापेक्षा काय लपवले आहे, ते विद्यार्थ्यांना शोधू द्यावे. कारण विचारणाऱ्याला देशद्रोही ठरवले जाईल. तरीही कागद वाचल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही, एवढे तरी आपण शिकलो आहोत.