राजूर परिसरातील दुर्गनामे व ग्रामनामे : एक पद्धतिविचार

अकोले तालुक्यातील राजूरच्या सभोवतालच्या गडांविषयी जे लेखन आढळते, त्यात नावांच्या व्युत्पत्तीची एक सोपी रीत रूढ झाली आहे. संस्कृत रूप दिसले की ते मूळ आणि लोकांच्या तोंडचे रूप म्हणजे त्याचा अपभ्रंश. ही रीत परीक्षणास उतरत नाही.

कोतूळच्या बाजूचा कुंजरगड घ्यावा. स्थानिक लोक त्यास कोंबडकिल्ला म्हणतात. कुंजर म्हणजे हत्ती. तेव्हा ‘कोंबड’ हा त्याचाच बिघाड, असे मानण्याकडे अभ्यासकाचा सहज कल होतो. परंतु ‘ज’चा ‘ब’ कोणत्या ध्वनिनियमाने व्हावा? उलट, ग्राम्य वाटणाऱ्या नावास सुशिक्षित कानाने भारदस्त रूप दिले असणे अधिक संभवनीय आहे. निर्णय कागदपत्रांनीच व्हावयाचा. तोवर दोन्ही रूपे स्वतंत्र नोंदविणे हेच शास्त्रशुद्ध होय.

याचा अर्थ संस्कृत रूप नेहमीच उत्तरकालीन असते असा नव्हे. राजूरच्या दक्षिणेकडील हरिश्चंद्रगडाचे नाव चांगदेवांच्या ‘तत्त्वसारा’त (शके १२३४) पर्वतनाम म्हणून आलेले आहे, तेथे शंकेस जागा उरत नाही. पट्टागडाचे ‘विश्रामगड’ हे नाव १६७९ साली जालन्याहून परतताना शिवाजी महाराजांनी तेथे घेतलेल्या विश्रांतीशी निगडित आहे. नवे नाव इतिहासाने दिले, पण पायथ्याच्या पट्टेवाडीने जुनेच जपले. गडाचे नाव बदलते तेव्हा त्याची साक्ष बहुधा वाडीकडे मागावी लागते.

आयर्लंडातही वर्तुळाकार मातीच्या गढ्यांची ‘राथ’ व ‘लिस’ ही नावे असंख्य वस्त्यांच्या नावांत टिकून आहेत. गढी नांगराखाली गेली तरी नाव उरले. तेथील भूमापनासाठी जॉन ओडोनोव्हन यांनी १८३०च्या दशकात गावोगाव फिरून उच्चार टिपले व ते जुन्या हस्तलिखितांशी ताडून पाहिले. आपल्याकडे यांपैकी पहिले काम सोडून दुसऱ्यावर, किंबहुना दोन्ही सोडून तर्कावर, भिस्त ठेवली जाते.

त्या तर्काची परिसीमा म्हणजे फोफसंडी. पोप नावाचा इंग्रज अधिकारी दर ‘संडे’स तेथे येई, म्हणून हे नाव, अशी कथा सांगतात. साहेब येण्यापूर्वी हे गाव निनावी होते काय? नगर प्रांत इंग्रजांकडे गेला १८१८ साली. त्यापूर्वीच्या दप्तरात हे नाव सापडले की कथा संपली. गाव डोंगरांच्या खोबणीत वसलेले आहे. ‘सांद’ म्हणजे फट, आणि साम्रदजवळची सांदण दरी याच तालुक्यात आहे. ‘संडी’चा शोध प्रथम या शब्दकुळात घ्यावा. हाही तूर्त तर्कच. पण तो दप्तराने खोटा ठरविता येतो आणि ‘फोफ’चा उलगडा त्याच्याकडे अद्याप मागायचाच आहे.