‘फ्युनरल’ : खासगी शोकाचे सामूहिक गान

माँट्रियल (कॅनडा) येथील ‘आर्केड फायर’ या वाद्यवृंदाचा ‘फ्युनरल’ हा पहिला मोठा अल्बम सप्टेंबर २००४ मध्ये ‘मर्ज रेकॉर्ड्स’ या संस्थेने प्रसिद्ध केला. मोठ्या व्यापारी कंपन्यांच्या बाहेर वाढलेल्या ‘इंडी रॉक’ या प्रवाहातील ही महत्त्वाची कृती मानली जाते. प्रस्तुत लेखात या अल्बमच्या आस्वादातून जाणवलेला एक प्रश्न मांडावयाचा आहे : समूहाने गायिलेला शोक खरोखर हलका होतो काय?

‘अंत्यविधी’ या अर्थाचे हे शीर्षक ठेवण्यामागे एक कारण होते. २००३-०४ या काळात वाद्यवृंदातील अनेकांच्या घरी मृत्यू झाले. गायिका रेजीन शासान्य हिची आजी, विन आणि विल्यम या बटलर बंधूंचे आजोबा, रिचर्ड रीड पॅरी याच्या जवळच्या नात्यातील एक स्त्री हे सर्व याच सुमारास गेले. तथापि दहा गीतांमध्ये या मृत्यूंचा थेट वृत्तान्त फारसा येत नाही. त्याऐवजी येते ती बर्फाखाली गाडली गेलेली वस्ती, वीज गेलेली रात्र आणि आईवडिलांपासून दूर स्वतःचे जग उभारणारी मुले. चार गीतांच्या शीर्षकांत तर ‘नेबरहुड’ म्हणजे शेजार हाच शब्द आहे.

भट्टनायकाने सांगितलेल्या साधारणीकरणाचे स्मरण येथे होते. दुःखाचा व्यक्तिगत संदर्भ गळून पडतो आणि ते कोणाचेही होऊ शकते. ‘वेक अप’ या गीतातील समूहस्वर शब्दांचाही आधार घेत नाही. व्हायोलिन, अकॉर्डियन आणि गिटार यांच्या गजरात केवळ आलापासारखा एक उद्गार उसळतो. त्या क्षणी ऐकणाराही त्या समूहात सामील होतो.

मात्र अल्बम येथे संपत नाही. ‘इन द बॅकसीट’ या अखेरच्या गीतात समूह मागे सरतो आणि शासान्यचा एकटा स्वर उरतो. आजवर मागच्या आसनावर निश्चिंत बसलेल्या मुलीला आता स्वतः गाडी हाकावी लागणार आहे, कारण पुढे बसणारे राहिलेले नाहीत. प्रस्तुत लेखकाने हे गीत वडिलांच्या निधनानंतर काही दिवसांनी ऐकले. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले होते. चौदाव्या दिवशी जेवणाचे पान एकट्याने मांडावे लागले. त्या दिवसाचे मौन या गीतात आहे.

काही प्रसंगी गीतांतील आवेश अतिरेकी वाटतो, हे मान्य करावे लागेल. परंतु तो आवेश नसता तर शेवटचे एकटेपण इतके तीव्रतेने जाणवले नसते. समूह शोक वाहून नेण्यास साहाय्य करतो. तो संपवीत नाही. सांत्वनाची ही मर्यादा प्रामाणिकपणे स्वीकारणे, हेच ‘फ्युनरल’चे खरे सामर्थ्य होय.