भंडारे थांबले तिथे

डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्या वन खात्याविरुद्ध एक निकाल दिला. मुख्य वनसंरक्षक विरुद्ध कोंढरे. नोकरीविषयक दावे चालवणाऱ्या वकिलांमध्ये नुसतं ‘कोंढरे’ म्हटलं तरी पुरतं. वर्षानुवर्षं रोजंदारीवर राबणाऱ्यांना कायम करा, असं सांगणारा निकाल म्हणून तो प्रसिद्ध आहे. कामगारांच्या बाजूने तो पुष्कळ वाचला गेला आणि ते रास्तच आहे. मला मात्र त्यात दरवेळी हरलेल्या बाजूचा माणूस भेटतो: राज्य सरकारची बाजू मांडणारे वकील श्री. भंडारे. न्यायमूर्ती हन्सारिया यांनी लिहिलेल्या या निकालपत्रात एक जागा अशी आहे की, सरकारी वकिलाच्या कामाची उंची मला तिथे दिसते. पण ती जागा एकदम उघडून दाखवली तर तिची गोडी कळणार नाही. आधीचा युक्तिवाद वाचूनच तिथे पोचायला हवं.

प्रकरण दोन ठिकाणचं होतं. पुण्याच्या दक्षिणेला, पर्वतीला लागून असलेल्या पाचगाव-पर्वतीच्या टेकड्यांवर वन खात्याची झाडं लावण्याची योजना होती. तिकडे अहमदनगरला सामाजिक वनीकरणाचं काम चालू होतं. पुण्याचे २५ आणि नगरचे १५ कामगार औद्योगिक न्यायालयात गेले. पाच-सहा वर्षं काम केलेली ही माणसं. हजेरी कुणाची वर्षाला १०० दिवस, कुणाची ३३० दिवसांपर्यंत. त्यांचा आधार होता १९७१ चा महाराष्ट्राचा अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा कायदा, आणि त्यातली चौथ्या अनुसूचीतली सहावी बाब. कायम कामगाराचा दर्जा आणि सवलती मिळू नयेत या उद्देशाने कुणाला वर्षानुवर्षं बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरता म्हणून ठेवणं ही मालकाची अनुचित प्रथा आहे, असं ती बाब सांगते. कामगार जिंकले आणि सरकार वर गेलं.

सरकारची पहिली तटबंदी अशी: वन खातं हा ‘उद्योग’च नव्हे, म्हणून हा कायदा आम्हाला लागू नाही. १९७८ च्या बंगलोर पाणीपुरवठा खटल्यात सात न्यायमूर्तींनी उद्योगाची व्याख्या फार रुंद केली होती. बाहेर ठेवली होती ती राज्याची सार्वभौम कामं. तेव्हा सरकारी वकिलाला याच एका दारातून बाहेर पडता येत होतं. त्यासाठी आधार घेतला गेला संविधानाचा. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आलेला अनुच्छेद ४८ क राज्याला वनांचं रक्षण करायला सांगतो. जे काम संविधानच राज्यावर सोपवतं ते सार्वभौम नाही तर काय? युक्तिवाद म्हणून मला हा आजही देखणा वाटतो. खात्याच्या मजुरीच्या तंट्याला त्याने एकदम राज्यघटनेच्या पातळीवर नेऊन ठेवलं.

हन्सारिया त्याला उत्तर देतात ते दोन चालींत. सार्वभौम आणि बिगरसार्वभौम असा जुना राजेशाहीतला भेद लोकशाहीत फारसा टिकत नाही, हे ते आधी सांगतात. मग ते सरळ पाचगाव-पर्वतीची योजनाच हातात घेतात. ही योजना कशासाठी होती? पुण्याच्या नागरिकांना मोकळी हवा, विरंगुळा आणि निसर्गशिक्षण मिळावं यासाठी. असं काम एखादी खाजगी संस्थाही करू शकते. मग त्यात सार्वभौम ते काय उरलं? सरकारच्या पराभवाचा पुरावा कामगारांना शोधावा लागला नाही. तो खात्याच्याच योजनेत होता. अधिकाऱ्यांनी मंजुरीसाठी मोठ्या उत्साहाने लिहिलेली उद्दिष्टं पुढे न्यायालयात आपल्याच विरुद्ध उभी राहतील, हे त्या टेबलावर कुणाच्या मनातही आलं नसेल. सरकारी वकिलाला आपल्या अशिलाचा कागद असा समोरून येताना पाहावा लागतो. तो कागद त्याला नाकारताही येत नाही.

हा परिच्छेद कर्नाळ्याला जाऊन आलेल्या माणसाने वाचला तर जास्त लागतो. पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागलं की किल्ल्याचा सुळका दिसू लागतो, आणि त्याच्या पायथ्याशी १९६८ पासूनचं पक्षी अभयारण्य आहे. सुटीच्या दिवशी मुंबई-पनवेलची कुटुंबं तिकीट काढून आत जातात. हरियाल, मोरटाका अशा पाऊलवाटांनी हिंडतात, शाळेच्या सहली येतात. विरंगुळा आणि शिक्षण ही पाचगाव-पर्वतीची दोन्ही उद्दिष्टं इथे फाटकातच भेटतात. पण हेच अभयारण्य १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली राखलेलं आहे. शिकारी सापडला तर त्याची झडती घ्यायची, त्याला अटक करायची, हत्यार जप्त करायचं, हे अधिकार वनाधिकाऱ्याला आहेत. ते कुठल्या खाजगी संस्थेला मिळणार नाहीत. म्हणजे एकाच जंगलात राज्याचे दोन हात काम करत असतात. उन्हाळ्याच्या तोंडावर अशा जंगलांत जाळरेषा काढतात. वणवा पलीकडे जाऊ नये म्हणून ठराविक रुंदीच्या पट्ट्यातलं गवत आणि पाचोळा आधीच जाळून जमीन मोकळी करायची. वनरक्षक हद्द दाखवतो, मजूर कापणी-जाळणी करतात, वारा फिरला तर हिरव्या डहाळ्यांनी ज्वाला झोडपून विझवतात. त्या पट्ट्यावरचा मजूर सार्वभौम सत्तेचा हात आहे की बागेचा माळी? कोंढरे निकालाचं बळ असं की, तो या प्रश्नाला खात्याच्या नावावरून उत्तर देऊ देत नाही. प्रत्यक्ष कामाकडे बघायला लावतो.

आणि हेच त्याचं सरकारी वकिलाला दिलेलं देणंही आहे. २००१ मध्ये गुजरातच्या वन खात्यातल्या एका लिपिकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने कौल दिला. तुम्ही कोणत्या योजनेत, कोणतं काम करत होता हे तुम्ही मांडलंच नाही, मग ते काम उद्योगात मोडतं असं आम्ही कशावरून ठरवायचं, असा त्याचा रोख होता. कोंढरे निकाल नीट वाचूनच तो खटला जिंकता येत होता.

आता दुसरा प्रश्न, उद्देशाचा. इथे सरकारची बाजू तांत्रिकदृष्ट्या भक्कम होती. कायद्यातल्या त्या बाबीला दोन भाग आहेत: वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवणं हा एक, आणि सवलती नाकारण्याचा उद्देश हा दुसरा. पहिला हजेरीपटावरून सिद्ध होईल. दुसरा कामगाराने सिद्ध करायला नको का? कायदा काटेकोर वाचणाऱ्या कुणालाही हे म्हणणं पटेल. न्यायालयाने ते उडवून लावलं नाही. दुसऱ्या भागाशिवाय चालेल असंही म्हटलं नाही. फक्त विचारलं की, टेकडीवर पाणी घालणाऱ्या माणसाने मंत्रालयाच्या मनातला हेतू सिद्ध करायचा कसा? जे ओझं त्याला उचलताच येणार नाही ते त्याच्यावर टाकलं तर कायदाच निकामी होईल. म्हणून वर्षानुवर्षं तसंच ठेवलं, एवढ्यावरून योग्य प्रकरणात हेतूचा निष्कर्ष काढता येतो. शिवाय काम कसलं, तर लोकांना विरंगुळा आणि शिक्षण देण्याचं, आणि नगरला प्रदूषण रोखण्याचं. या गरजा काही एका हंगामात संपणाऱ्या नाहीत. कामाच्या कपाळावरच कायमपण लिहिलेलं असताना माणसं मात्र तात्पुरती ठेवली, तर हेतू आणखी शोधायचा कुठे? निकालपत्रातली ही चाल फार सुंदर आहे. पहिल्या प्रश्नात योजनेचं उद्दिष्ट वापरून काम उद्योगात आणलं, आणि दुसऱ्या प्रश्नात तेच उद्दिष्ट वापरून मालकाचा हेतू उघडा केला.

यानंतर येते ती जागा.

दोन्ही प्रश्नांत बाजू पडती दिसू लागली की सरकारी वकिलाजवळ शेवटचा मुद्दा उरतो तो तिजोरीचा. या सगळ्यांना कायम केलं तर राज्यावर केवढा बोजा पडेल! भंडारेंनी तो मांडला. मांडणं त्यांचं कर्तव्यच होतं. न्यायालयाने त्या मुद्द्याला शेवटापर्यंत ताणून पाहिलं. पैसा नाही म्हणून कायम कामगाराची मजुरी द्यायची नाही, हे एकदा मान्य केलं तर उद्या किमान वेतनसुद्धा का द्यायचं, असा प्रश्न येईल. बेकारीने गांजलेल्या माणसाला कुठलाही मालक पिळून घेईल, आणि राज्याने तर आदर्श मालक असायला हवं. इतकं सांगून झाल्यावर हन्सारिया लेखणी थांबवतात आणि नोंद करतात की, श्री. भंडारेंच्या बाबतीत न्याय करायचा तर हे सांगितलं पाहिजे की, त्यांनी आपला युक्तिवाद इतक्या दूर नेला नव्हता.

निकाल विरुद्ध जात असताना न्यायाधीशाने लिहिलेलं हे वाक्य. त्याची गरज नव्हती. ते नसतं तरी निकाल तोच राहिला असता. पण त्यातून न्यायालयातला तो दिवस दिसतो. सरकारी वकील उभा आहे, त्याच्या पाठीशी खातं आहे, अर्थ विभागाची भीती आहे, आणि समोर चाळीस मजूर आहेत. युक्तिवाद पुढे रेटला तर तो कुठे जाऊन पोचेल हे त्यालाही ठाऊक आहे. तो एका ठिकाणी थांबतो. किमान वेतनाच्या खाली पाय ठेवत नाही. खाजगी मालकाचा वकील थांबला नसता असं मी म्हणत नाही. पण राज्याचा वकील थांबतो तेव्हा थांबण्याला वेगळा अर्थ असतो. त्याचं अशील एकच खातं नसतं. किमान वेतनाचा कायदा अंमलात आणायची जबाबदारीही राज्याचीच आहे. त्या कायद्याविरुद्ध बोलणं म्हणजे आपल्याच अशिलाविरुद्ध बोलणं झालं असतं. भंडारेंनी तसं केलं नाही, आणि हन्सारियांनी ते लिहून ठेवलं. मला या दोघांचाही आदर वाटतो.

कर्नाळ्याच्या परिसरात हे आणखी एका कारणाने आठवतं. सुळक्याच्या जवळच शिरढोण आहे, आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यात ते कारकून होते, आजच्या भाषेत केंद्र सरकारचे कर्मचारी. आई आजारी असताना त्यांना रजा वेळेवर मिळाली नाही, आणि ते घरी पोचले तेव्हा आई गेलेली होती. त्यांच्या मनातल्या असंतोषाला इतर मोठी कारणं होती, दुष्काळ होता, लूट होती. पण नोकरीतला हा घाव त्यांच्या चरित्रकारांनी कधी गाळलेला नाही. त्या काळी सरकारी नोकर सरकारच्या मर्जीने नोकरीत असे. रजा नाकारणाऱ्या साहेबाला कारण विचारणारं न्यायाधिकरण नव्हतं, आणि साहेबाच्या बाजूने उभा राहूनही कुठे थांबायचं हे जाणणारा वकीलही लागत नव्हता. आज केंद्राच्या कर्मचाऱ्याला केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण (कॅट) आहे, राज्याच्या कर्मचाऱ्याला १९९१ पासून महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण (मॅट) आहे, रोजंदारीवाल्याला औद्योगिक न्यायालय आहे. प्रत्येक ठिकाणी सरकारला बोलावं लागतं, आणि बोलणाऱ्याच्या मर्यादेवर बरंच काही अवलंबून असतं.

तिजोरीचं काय झालं, तेही या निकालासोबत वाचायला हवं. निकालाला दोन महिने होत नाहीत तोच, ३१ जानेवारी १९९६ रोजी, राज्य सरकारने शासन निर्णय काढला. १ नोव्हेंबर १९९४ पर्यंत सलग पाच वर्षं, दरवर्षी किमान २४० दिवस काम केलेल्या वन खात्याच्या रोजंदारी मजुरांना कायम करायचं ठरलं. पुढे १६ ऑक्टोबर २०१२ ला नंतरच्या मजुरांसाठी दुसरा निर्णय निघाला. राज्य बुडालं नाही. २००६ च्या उमादेवी निकालाने मागच्या दाराने भरती झालेल्यांना कायम करण्यावर कडक बंधन आणलं, तेव्हा कोंढरे संपला असं अनेकांना वाटलं. २००९ मध्ये एसटी महामंडळ विरुद्ध कास्ट्राईब कर्मचारी संघटना या खटल्यात, एसटीच्या गाड्या धुणाऱ्यांच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, अनुचित प्रथा सिद्ध झाली तर औद्योगिक न्यायालयाचा अधिकार उमादेवीने हिरावलेला नाही. डिसेंबर २०२४ च्या जग्गो निकालात केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षं झाडलोट आणि बागकाम करणाऱ्यांना नोकरीत कायम करण्याचा आदेश झाला. त्या खंडपीठावर आपल्याकडचे न्यायमूर्ती प्रसन्न वराळे होते.

असं प्रकरण आज सरकारी वकिलाच्या टेबलावर आलं की सोबत खात्याचे परिच्छेदनिहाय अभिप्राय येतात, आणि त्यांत बहुतेक परिच्छेदांसमोर ‘मजकूर मान्य नाही’ एवढंच असतं. कोंढरे वाचलेल्या वकिलाने ते बाजूला ठेवून आधी हजेरीपट मागवावा. वर्षाच्या अखेरीस दोन-चार दिवसांचा तांत्रिक खंड आणि लगेच पुन्हा तेच नाव, तेच काम, असं दहा वर्षं दिसलं, तर प्रतिज्ञापत्राचा मसुदा करण्याआधी विभागाला पत्र लिहावं: हे प्रकरण लढवू नका, आदेश काढा. तरीही लढवायचं ठरलं, तर कामाचं स्वरूप मांडावं, योजना कधी सुरू झाली आणि कधी संपणार ते मांडावं, पदं मंजूर आहेत की नाहीत ते मांडावं. तिजोरीचा मुद्दा शेवटी घ्यावा, आणि तो कुठपर्यंत न्यायचा हे उभं राहण्याआधी ठरवून ठेवावं.