जुनी छायाचित्रे : साक्ष आणि स्मृती

कुलवृत्तान्त, संस्थांच्या स्मरणिका आणि दिवाळी अंकांतील आठवणींचे लेख या तीनही ठिकाणी जुन्या छायाचित्रांना आता मानाचे स्थान मिळू लागले आहे. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. तथापि, ही छायाचित्रे छापली जितकी जातात तितकी वाचली जात नाहीत. लेखक चित्र समोर ठेवतो, एक उसासा टाकतो आणि 'ते दिवस गेले' असे म्हणून मोकळा होतो. छायाचित्र ही एक संहिता आहे आणि तिचेही अर्थनिर्णयनाचे काही नियम आहेत, याचे भान या लेखनात क्वचितच आढळते. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

माळव्यात राहणाऱ्या मराठी माणसाला या विषयाचे अगत्य अधिक वाटावे, असे एक कारण आहे. ज्यांची कीर्ती पुढे राजा दीनदयाळ या नावाने सर्वत्र पसरली, ते मूळचे सरधन्याचे. रुडकीच्या महाविद्यालयात स्थापत्याचे शिक्षण घेऊन ते इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीस आले आणि कॅमेरा त्यांनी हाती धरला तो येथेच. दुसरे तुकोजीराव होळकर आणि सर हेन्री डॅली यांचे प्रोत्साहन त्यांना लाभले. पुढे त्यांनी सिकंदराबादेस चित्रशाळा थाटली, सहाव्या निजामांची कृपा संपादन केली आणि १८९२ साली हैदराबादेत खास स्त्रियांसाठी एक चित्रशाळा उघडून ती एका इंग्रज बाईंकडे सोपविली. त्यांच्या २८५७ काच-निगेटिव्हांचा संग्रह १९८९ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने मिळविला. राजवाडे, दरबार, शिकारी आणि स्वाऱ्या यांची साक्ष अशा रीतीने सुरक्षित झाली. परंतु त्याच काळात आणि त्यानंतर लहानसहान चित्रशाळांतून कारकून, मास्तर, वकील व वैद्य यांच्या कुटुंबांची जी चित्रे निघाली, त्यांचे काय? कित्येक काचा धुऊन पुसून खिडक्यांना लागल्या. जी चित्रे उरली, ती घरोघरच्या ट्रंकांत आहेत आणि त्यांचे शेवटचे जाणकार आता ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत.

अशी चित्रे पाहताना पहिली उक्ती हमखास ऐकू येते ती ही की, 'जुनी माणसे किती गंभीर होती!' हा निष्कर्ष घाईचा आहे. ओल्या काचेच्या पद्धतीत चित्र उमटण्यास कित्येक सेकंद लागत. १८७१ साली मॅडॉक्स याने कोरड्या जिलेटिन काचेची कल्पना मांडली आणि १८८० च्या सुमारास ती प्रचारात आली. तोपर्यंत मान हलू नये म्हणून पाठीमागे लोखंडी आधार लावीत. हसू इतका वेळ टिकत नाही. मुद्रेवरील जो करडेपणा आपण आजोबांच्या स्वभावाला चिकटवितो, त्यातील बराचसा भाग त्या आधाराचा असतो.

रंगांचेही तेच. जुन्या काचांना निळा रंग चटकन जाणवे, तांबडा जवळजवळ जाणवतच नसे. त्यामुळे निळे वस्त्र फिकट आणि लाल वस्त्र काळेभोर दिसते. कुंकूही काळे उमटते. पणजीच्या अंगावरील गडद लुगडे पाहून 'ही तिची चंद्रकळा' असे नातवंडे कौतुकाने सांगतात. पण ते लाल लुगडेही असू शकेल, आणि कपाळ रिते असून पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला असेल तर ते आलवणही असू शकेल. सणाचे वस्त्र आणि वैधव्याचे वस्त्र यांत चित्र स्वतः भेद करीत नाही. तो भेद घरच्या आठवणीनेच करावयाचा असतो. ती आठवण नाहीशी झाली की एका बाईचे अवघे दुःख आपण कौतुकाखाली झाकून टाकतो.

पगडीवरून घराण्याचे ठिकाण ओळखण्याची पद्धत उपयुक्त आहे. होळकरी, शिंदेशाही, गायकवाडी या पगड्यांची घडण जाणत्याला वेगळी दिसते. परंतु चित्रशाळेत खुर्ची, पडदा, छडी, पुस्तक इतकेच काय, पोशाखही गिऱ्हाइकासाठी ठेवलेले असत. म्हणून हातात पुस्तक आहे एवढ्यावरून विद्वत्ता सिद्ध होत नाही. चित्र पुरावा खरे. पण उलटतपासणीवाचून पुरावा ग्राह्य धरू नये.

सर्वांत मोठा आक्षेप चित्राखालील ओळींवर आहे. कुलवृत्तान्तांत 'कै. अमुकराव, सहकुटुंब' असे छापलेले आपण नेहमी वाचतो. त्या 'सहकुटुंब' या एका शब्दात किती नावे बुडाली! पुरुषाचे नाव, हुद्दा, गाव, सारे दिलेले असते. शेजारी उभी असलेली स्त्री मात्र निनावी राहते. याउलट रमाबाई रानडे यांच्या १९१० सालच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' किंवा लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घ्या. पतीच्या आग्रहाने शिकू लागलेल्या रमाबाईंना घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष सोसावा लागला. ही हकीकत कोणत्याही कॅमेऱ्याला टिपता आली नसती. एकत्र बसलेल्या स्त्रियांचे चित्र सलोखाच दाखवील. त्या सलोख्याखालची धग शब्दच सांगतात. लक्ष्मीबाईंनी आपल्या ग्रंथाच्या नावात 'चित्र' हा शब्द योजला आहे, आणि त्यांची चित्रे बोलतात.

याचा अर्थ स्मृती निर्दोष असते असा नव्हे. स्मृती सोयीचे तेवढे ठेवते, भांडणे मिटविते, दारिद्र्याला सोज्वळ करते. अशा वेळी फाटका अंगरखा किंवा अनवाणी मूल दाखवून चित्रच तिला अडविते. तात्पर्य, दोन्ही साक्षीदार अपुरे आहेत आणि म्हणूनच दोघांची गाठ घालून देणे आवश्यक आहे.

हे काम विद्वानांसाठी राखून ठेवण्याचे कारण नाही. शाळेतील निबंधाच्या तासाला घरातील एक जुने चित्र हा विषय देता येईल. विद्यार्थ्याने तीन परिच्छेद लिहावेत : चित्रात काय दिसते, घरातील वडील मंडळी काय सांगतात, आणि आपण तर्काने काय जाणतो. या तिहींची सरमिसळ न करणे हेच टीकाविवेकाचे पहिले पाऊल होय. चित्राच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने नावे लिहावीत. शाई पुढे फुटते. नावे लिहिताना स्त्रियांचे माहेरचे व सासरचे, दोन्ही उल्लेख करावेत.

आज भ्रमणध्वनीवरून अशा चित्रांच्या प्रती क्षणात शंभर घरी पोहोचतात, परंतु बहुधा नावावाचून. प्रती वाढल्या म्हणजे स्मृती वाढली असे नाही. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी समाजाचा इतिहास बखरींत थोडा आणि या पुठ्ठ्यांवर पुष्कळ आहे. आपल्या अकादमीने राजेरजवाड्यांच्या चित्रांआधी या निनावी चेहऱ्यांकडे लक्ष द्यावे. राजांची नावे सांगावयास ग्रंथ आहेत. यांची नावे सांगणाऱ्या आजीबाई मात्र फार दिवस थांबणार नाहीत.