स्वतंत्र लेखकाचे ई-वार्तापत्र आणि वाचकवर्गाची वाढ : एक चिकित्सक अभ्यास

गोषवारा :
संपादक व प्रकाशक यांच्या मध्यस्थीशिवाय वाचकाच्या ई-मेलपेटीत थेट लेखन पोहोचविणारे न्यूजलेटर, म्हणजेच वार्तापत्र, हा लेखनप्रकार गेल्या काही वर्षांत रूढ झाला आहे. या प्रकारात वाचकवर्ग कसा वाढतो आणि त्या वाढीचा लेखनावर व लेखकाच्या स्वातंत्र्यावर कोणता परिणाम होतो, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. त्यासाठी हेदर कॉक्स रिचर्डसन यांचे 'लेटर्स फ्रॉम अ‍ॅन अमेरिकन' हे वार्तापत्र मुख्य उदाहरण म्हणून घेतले असून मराठीतील एकहाती नियतकालिकांच्या परंपरेशी त्याची तुलना केली आहे.

बीजसंज्ञा : वार्तापत्र, स्वतंत्र लेखक, वर्गणीदार, वाचकवर्ग, सबस्टॅक, एकहाती नियतकालिक.

प्रस्तावना :
एकाच लेखकाने आपल्या नावावर नियतकालिक चालवावे आणि त्याचा वाचकवर्ग स्वतःच जमवावा, ही कल्पना मराठीला नवी नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७४ साली सुरू केलेल्या 'निबंधमाले'चे ८४ अंक निघाले आणि त्यांतील जवळजवळ सर्व लेखन त्यांचे एकट्याचे होते. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये सुरू केलेले 'समाजस्वास्थ्य' हे मासिक १९५३ साली त्यांचे निधन होईपर्यंत चालविले. अशा नियतकालिकांचा डोलारा तीन गोष्टींवर उभा असे : लेखकाचे नाव, ठरल्या वेळी निघणारा अंक आणि वर्गणीदारांची वही. ई-वार्तापत्रही याच तीन गोष्टींवर उभे आहे. फरक इतकाच की, वहीची जागा ई-मेल पत्त्यांच्या यादीने घेतली आहे. मात्र ती यादी कोणाच्या ताब्यात असते आणि तीत नवे नाव कोणत्या मार्गाने येते, हे प्रश्न आज अधिक गुंतागुंतीचे झाले आहेत. प्रस्तुत विवेचनाचा रोख त्या प्रश्नांवर आहे.

वार्तापत्राचा अर्थव्यवहार :
अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे २०१७ साली ख्रिस बेस्ट, हेमिश मॅकेन्झी व जयराज सेठी यांनी 'सबस्टॅक' ही कंपनी स्थापन केली. लेखकाने लिहावे, वाचकाने वर्गणी भरावी आणि कंपनीने त्या वर्गणीतून १० टक्के घ्यावेत, असा तिचा साधा व्यवहार आहे. वर्गणी जमा करण्याचे काम 'स्ट्राइप' ही कंपनी करते व ती आपले शुल्क वेगळे कापून घेते. ऑक्टोबर २०१७ मध्ये या मंचावरील पहिले वार्तापत्र, बिल बिशप यांचे चीनविषयक 'सिनोसिझम', सशुल्क झाले. बिशप यांनी त्यापूर्वी अनेक वर्षे ते विनामूल्य चालविले होते, ही बाब लक्षणीय आहे. वाचक आधी जमला, विश्वास बसला आणि मगच वर्गणी मागितली गेली.

या क्षेत्रात केव्हिन केली यांच्या २००८ मधील 'वन थाउजंड ट्रू फॅन्स' या निबंधाचा दाखला वारंवार दिला जातो. एक हजार निष्ठावंत चाहत्यांनी वर्षाला प्रत्येकी १०० डॉलर दिले, तर कलावंताला १ लाख डॉलर मिळतील, असा त्यातील हिशेब आहे. हा हिशेब आकर्षक असला तरी त्यात वसुलीचा खर्च दडलेला आहे. महिन्याला ५ डॉलर वर्गणी ठेवल्यास सबस्टॅकचे ५० सेंट आणि स्ट्राइपचे टक्केवारीचे व दर व्यवहारामागचे ३० सेंटांचे शुल्क वजा जाऊन लेखकाच्या हाती सुमारे ४ डॉलर राहतात. म्हणजे सुमारे एक पंचमांश रक्कम वाटेतच खर्ची पडते. तेच वर्षाचे ५० डॉलर एकरकमी घेतल्यास सुमारे ४३ डॉलर हाती येतात. 'वार्षिक वर्गणी आगाऊ' ही मराठी मासिकांच्या मुखपृष्ठामागची जुनी सूचना नव्या व्यवस्थेतही किती हिताची आहे, हे यावरून दिसते.

'लेटर्स फ्रॉम अ‍ॅन अमेरिकन' : लेखन आणि वाचक :
बोस्टन कॉलेजमध्ये इतिहासाचे अध्यापन करणाऱ्या रिचर्डसन यांनी सप्टेंबर २०१९ मध्ये फेसबुकवर तत्कालीन राजकीय घडामोडींचा अर्थ उलगडणारे एक टिपण लिहिले. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्यावरील पहिल्या महाभियोगाच्या प्रकरणाला तेव्हा तोंड फुटत होते. टिपण वाचून वाचकांनी प्रश्न विचारले आणि रिचर्डसन यांनी त्यांची उत्तरे लिहिली. त्यातून हे लेखन जवळजवळ रोजचे झाले व लवकरच ते सबस्टॅकवरून ई-मेलद्वारे जाऊ लागले. २०२० च्या अखेरीस 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्यांची गणना सबस्टॅकवरील सर्वाधिक यशस्वी व्यक्तिगत लेखकांत केली. पुढे वर्गणीदारांची संख्या दहा लाखांच्या वर गेली.

या यशाची कारणे लेखनाच्या घडणीत शोधावी लागतात. पत्राला आकर्षक मथळा नसतो, केवळ तारीख असते. दिवसभराच्या बातम्यांतून दोन-तीन घटना निवडून त्यांना एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेच्या इतिहासाची, विशेषतः यादवी युद्ध व त्यानंतरच्या पुनर्रचना-काळाची पार्श्वभूमी दिली जाते. अखेरीस आधारांची यादी असते. भाषा वर्गात शिकविणाऱ्या शिक्षकाची आहे : संथ आणि विषयाची पूर्वमाहिती गृहीत न धरणारी. विश्रांतीच्या रात्री मजकुराऐवजी बहुधा एखादे छायाचित्र पाठविले जाते, परंतु ठरलेली भेट शक्यतो चुकविली जात नाही. संपूर्ण पत्र सर्वांना विनामूल्य मिळते. वर्गणी भरणाऱ्यास मुख्यतः चर्चेत अभिप्राय नोंदविण्याचा हक्क मिळतो. त्यामुळे प्रत्येक वाचक ते पत्र निर्धोकपणे दुसऱ्याकडे पाठवू शकतो आणि वाचकच प्रसारक होतो. मजकूर कुलूपबंद ठेवला असता, तर वाढीचा हा मार्ग खुंटला असता.

तथापि, या लेखनाच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. रोज लिहावयाचे आणि रोज इतिहासाचा दाखला द्यावयाचा, या बंधनामुळे अनेक भिन्न घटना मूठभर धनिकांची सत्ता विरुद्ध लोकशाही या एकाच जुन्या संघर्षाच्या साच्यात बसविल्या जातात. वाचकवर्ग बहुतांशी समानमताचा असल्याने त्या साच्याला आव्हान मिळण्याची शक्यता कमी राहते. वर्गणीदारच अन्नदाता झाला की त्याला न रुचणारे लिहिणे कठीण होते. मालकाच्या व जाहिरातदाराच्या दडपणातून सुटलेला लेखक वाचकाच्या अपेक्षेच्या दडपणाखाली येऊ शकतो. लाखोंच्या संख्येपुढे हा धोका दृष्टिआड होतो.

प्रश्नोत्तराची परंपरा :
या संदर्भात 'समाजस्वास्थ्य'चे उदाहरण उद्बोधक आहे. संततिनियमन व लैंगिक आरोग्य या विषयांवर उघडपणे बोलणे निषिद्ध असलेल्या काळात कर्वे वाचकांच्या खाजगी शंकांना मासिकातून उत्तरे देत. १९३४ साली याच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची वकिली केली, तरीही कर्वे यांना दंड झाला. मासिक मात्र थांबले नाही. रिचर्डसन यांच्याप्रमाणेच येथेही लेखनाचे बीज वाचकाच्या प्रश्नात आहे. परंतु कर्वे यांनी वाचकाच्या प्रश्नाला उत्तर दिले, त्याच्या मताला होकार दिला नाही. त्याची किंमत त्यांना मोजावी लागली व मासिक पदरमोड करून चालवावे लागले. वाचकांची संख्या आणि लेखनाचे मोल यांचे गणित नेहमी जुळत नाही, हे या मासिकाच्या २६ वर्षांच्या वाटचालीवरून स्पष्ट होते.

येथे आणखी एक साम्य दिसते. 'निबंधमाला' सुरू झाली तेव्हा चिपळूणकर सरकारी शाळेत शिक्षक होते. त्यांनी नोकरी सोडली ती १८७९ साली. रिचर्डसन यांनाही प्राध्यापकपदाचे वेतन होते. स्वतंत्र लेखनाच्या उभारणीचा काळ बहुधा दुसऱ्या उत्पन्नाच्या आधारावर पार पडतो. वाचकवाढीचे सल्ले देणाऱ्या लेखनात या आधाराचा उल्लेख क्वचितच आढळतो.

मंचाने दिलेली वाढ :
एप्रिल २०२२ मध्ये सबस्टॅकने शिफारशींची सोय सुरू केली. एका वार्तापत्राची नोंदणी करणाऱ्या वाचकासमोर त्या लेखकाने शिफारस केलेली इतर वार्तापत्रे येतात व त्यांचीही नोंदणी सहज होते. एप्रिल २०२३ मध्ये 'नोट्स' हा छोट्या टिपणांचा विभाग आला. नाव नसलेल्या नव्या लेखकाला या सोयींमुळे वाचक मिळतात, हे मान्य केले पाहिजे. रिचर्डसन वा बिशप यांच्यासारखी आधीची प्रतिष्ठा ज्याच्याजवळ नाही, त्याला केवळ चांगले लिहीत राहण्याचा उपदेश पुरेसा नाही.

तरीही अशा वाढीत दोन दोष संभवतात. पहिला असा की, शिफारशीतून आलेल्या वाचकाने लेखकाची एक ओळही वाचलेली असेलच असे नाही. यादी फुगते, वाचन वाढेलच याची हमी नसते. ते मोजण्याचे साधनही डळमळीत झाले आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपल कंपनीने ई-मेलसाठी गोपनीयतेची नवी सोय आणल्यापासून पत्र खरोखर उघडले गेले की नाही, याचे आकडे विश्वसनीय राहिलेले नाहीत. वाचकाचे लेखी उत्तर हाच अधिक भरवशाचा पुरावा ठरतो.

दुसरा दोष मालकीचा आहे. सबस्टॅकवर वर्गणीदारांचे ई-मेल पत्ते लेखकाला उतरवून घेता येतात, परंतु जे मंचावर केवळ अनुयायी म्हणून नोंदले जातात त्यांचे पत्ते त्याच्या हाती येत नाहीत. हा भेद वरवर तांत्रिक वाटला तरी संकटकाळी निर्णायक ठरतो. ट्विटरने जानेवारी २०२१ मध्ये विकत घेतलेली 'रेव्ह्यू' ही वार्तापत्र-सेवा जानेवारी २०२३ मध्ये बंद केली. 'टायनीलेटर' ही सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झाली. एप्रिल २०२३ मध्ये ट्विटरने सबस्टॅकच्या दुव्यांच्या प्रसारावर काही काळ निर्बंध घातले. याउलट, नाझी विचारांच्या मजकुराबाबत सबस्टॅकने घेतलेली भूमिका न पटल्याने केसी न्यूटन यांचे 'प्लॅटफॉर्मर' जानेवारी २०२४ मध्ये तेथून 'घोस्ट' या व्यवस्थेवर गेले. यादी हाती असल्याने हे शक्य झाले. असहमतीचा हक्क बजावण्यासाठी पत्त्यांची वही स्वतःजवळ असावी लागते.

भारतीय लेखकापुढील अडचण :
भारतातील, पर्यायाने मराठीतील लेखकाला वाचकाइतकाच वसुलीचा प्रश्न भेडसावतो. सबस्टॅकवरील वर्गणी स्ट्राइपमार्फत जमा होते आणि २०२४ साली स्ट्राइपने भारतात नवी खाती केवळ निमंत्रणाने उघडण्याचे धोरण स्वीकारले. त्यापूर्वी १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरून आपोआप होणाऱ्या आवर्ती वसुलीस ग्राहकाची अतिरिक्त संमती व पूर्वसूचना आवश्यक झाली. ग्राहकाच्या हिताचा हा नियम असला तरी लहान मासिक वर्गणीच्या व्यवहारात त्यामुळे एक टप्पा वाढला. परदेशी लेखकांच्या कमाईचे आकडे येथे जसेच्या तसे लागू करणे म्हणूनच दिशाभूल करणारे ठरते. यूपीआयने एकरकमी वार्षिक वर्गणी घेणे आणि पत्त्यांची यादी स्वतंत्रपणे जपणे, हा मार्ग मराठी लेखकाच्या परिस्थितीस अधिक अनुरूप दिसतो.

निष्कर्ष :
१. वार्तापत्राची टिकाऊ वाढ वाचकाच्या खऱ्या प्रश्नाला ठरल्या वेळी दिलेल्या उत्तरातून होते. 'समाजस्वास्थ्य' व 'लेटर्स फ्रॉम अ‍ॅन अमेरिकन' या दोहोंतून हे स्पष्ट होते.
२. पूर्ण मजकूर मुक्त ठेवल्यास वाचक स्वतः प्रसार करतो. वर्गणी विश्वासानंतर मागणे हिताचे असते.
३. मंचाच्या शिफारशी नव्या लेखकास उपयुक्त आहेत, परंतु त्यातून मिळालेली संख्या म्हणजे वाचकवर्ग नव्हे.
४. पत्त्यांची यादी हे स्वतंत्र लेखकाचे खरे भांडवल आहे. ती ज्याच्या हाती नाही, त्याचा फक्त मालक बदललेला असतो.
५. वाचकाच्या पैशावर चालणाऱ्या लेखकाने वाचकाला न रुचणारे लिहिण्याची तयारी ठेवली पाहिजे. वार्तापत्राचे वाङ्मयीन मूल्यमापन करताना वर्गणीदारांच्या संख्येआधी ही कसोटी लावणे अगत्याचे आहे.