‘नांगरणे’ : एक क्रियापद की दोन?

रायगडच्या किनारपट्टीत, अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत, भाताचे खाचर आणि बंदर यांत पुष्कळदा फारसे अंतर नसते. तेथे शेत नांगरतात, तशी होडीही नांगरतात. या दुहेरी उपयोगाची एक उपपत्ती सहज सुचते : फाळ जमिनीत रुततो, तद्वत् लोखंडी नांगर समुद्रतळाच्या चिखलात रुततो, सबब शेतकऱ्याचा शब्द रूपकाने दर्यावर गेला. ही उपपत्ती रम्य आहे. परंतु ती परीक्षेस उतरत नाही.

प्रथम वाक्यरचना पाहावी. ‘शेत नांगरले’ या प्रयोगात जिच्यात फाळ शिरतो ती भूमी कर्म होय. रूपक खरे असते, तर समुद्रतळ नांगरला जावयास हवा होता. प्रत्यक्षात कर्मस्थानी होडी येते, आणि अर्थ उकरण्याचा नसून खिळवून ठेवण्याचा असतो.

शब्दांचा इतिहासही याला पुष्टी देतो. शेतीचा ‘नांगर’ संस्कृत ‘लांगल’ शब्दापासून आला. हा शब्द ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात आहे. पालीत त्याचे ‘नंगल’ झाले व प्राकृतात ‘णंगल’; आद्य लकाराचा हा विकार हेमचंद्राने १२व्या शतकात आपल्या व्याकरणात नोंदविला आहे. होडीचा ‘नांगर’ मात्र फारसी ‘लंगर’ होय. ‘बंदर’, ‘दर्या’, ‘नाखवा’ या फारसी शब्दांच्याच परिवारातला तो आहे. पुढील अनुनासिकामुळे त्याच्याही लकाराचा नकार झाला आणि दोन्ही रूपे एक झाली. बंगालीत ती अद्याप निराळी आहेत : शेताचा ‘लाङल’, जहाजाचा ‘नोङर’.

एक आक्षेप संभवतो. ‘कमल’चे ‘कमळ’ होते, त्या न्यायाने ‘लांगल’चे ‘नांगळ’ व्हावयास हवे होते. मग रकार कोठून आला? येथे ‘लंगर’चा प्रभाव कल्पिता येईल, अथवा मूळच्या दोन लकारांपैकी एकाचे विषमीभवन मानता येईल. पहिला पर्याय स्वीकारला, तरी त्याने दोन शब्दांचा संपर्क सिद्ध होतो, एकमूलत्व नव्हे.

तात्पर्य, ‘नांगरणे’ हे अनेकार्थी क्रियापद नसून भिन्न मुळांची दोन समरूप क्रियापदे आहेत, आणि कोशात त्यांच्या नोंदी स्वतंत्र असणे उचित होय. त्या एकत्र केल्यास कोळ्यांची भाषा कृषिभाषेची केवळ लाक्षणिक छाया ठरते. अरबी समुद्रावरील दीर्घ दळणवळणाची जी साक्ष या शब्दात साठली आहे, तीही पुसली जाते.